सुमनबाईचं खरं नाव

छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय अदीबा,

आणि तुझ्या-माझ्यासारख्या त्या सगळ्यांनो, ज्यांनी सहा-सहा, सात-सात वर्षं संशोधन केलं आणि पदवी न घेता घर गाठलं! हळदीच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, रिक्षात, मयतीलासुद्धा आपल्याला एकच प्रश्न विचारला जातो: "मग, झाली का पीएच.डी.?" नाही म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू आपल्याच घरी कुणी गेलंय. सात वर्षांत आपण काय शिकलो हे कुणी विचारत नाही. मी विचारते! आपल्या हातात काय उरलं, हे आपणच का मोजू नये?

बघ, पत्र लिहायला बसले आणि सभा सुरू झाली. तू शेजारी असतीस तर ओढणी खेचून म्हणाली असतीस, "बाई, खाली बस, माईक बंद आहे."

तू माझा नंबर ब्लॉक करून तीन वर्षं झाली. म्हणून पोस्टानं लिहिते आहे. सिल्लोडच्या तुमच्या मक्याच्या आडतीचा पत्ता मला पाठ आहे, पिनकोडसकट.

माझी खबर अशी की मीही सोडलं. मागच्या वर्षी. फेलोशिप संपली, सर निवृत्तीला आले, जमलं नाही. आता कोर्टाच्या भिंतीला लागून एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसते. लोकांचे अर्ज लिहून देते. जुन्या लोकांच्या भाषेत मी अर्जनवीस आहे. हसू नकोस. पहिल्याच महिन्यात तहसीलचा कारकून माझा अर्ज हातात धरून बाहेर आला. म्हणाला, "मॅडम, रेशनकार्डाच्या अर्जाला तळटीपा कशाला?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारणार होतात तेच खाली लिहिलंय, पुरावा कुठं आहे ते." त्यानं वाचलं आणि अर्ज घेतला. तेव्हापासून माझे अर्ज परत येत नाहीत. एकेका माणसाचं अर्ध्या तासाचं बोलणं ऐकून त्यातली कामाची चार वाक्यं काढणं, कागदावर शिक्का आहे म्हणून तो खरा न मानणं, हे सगळं तिथंच शिकलो ना आपण?

आता कामाचं. जूनमध्ये एक बाई टेबलापाशी आली. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. सिल्लोड रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये फेब्रुवारीत कापूस ढकलताना गेली. मालक म्हणतो, हिनं आमच्याकडं कधी कामच केलं नाही, वाटेनं जाताना आत शिरली. हजेरीला नाव नाही. सोबतच्या बायांना मुकादमानं दम दिलाय. ती सांगत होती, मी लिहीत होते आणि लिहिता लिहिता माझा पेन थांबला, कारण तिचं पुढचं वाक्य मला माहीत होतं. "कापूस नाकात जातो, भाकरीत जातो, सपनात बी जातो."

अदीबा, ती सुमनबाई आहे! आपल्या संशोधनाच्या चौथ्या प्रकरणातली सुमनबाई. तिचं खरं नाव भामाबाई. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मुलाखतींसाठी आपण गावं वाटून घेतली होती. करमाडकडची माझी, सिल्लोडकडची तुझी. ठरल्याप्रमाणे तू टाइप केलेल्या प्रतींमध्ये नावं बदललीस, आणि मूळ वही आणि खऱ्या नावांची यादी जिनं मुलाखत घेतली तिच्याजवळच राहिली. तुझ्या वहीत जानेवारी २०२१ ची तारीख आहे, परवानगीच्या कागदावर तिची सही आहे. ती बाई चार वर्षांपूर्वीही तिथं राबत होती, याचा पुरावा तुझ्या फडताळात पडलाय.

ती वही तेवढी कुरिअर कर. तुला यायची तसदी नको. बाकी मी बघून घेईन.

तुझी,
विशाखा

ता. क. त्या भाषणाबद्दल मला माफ कर. तू सोडून गेलीस त्या आठवड्यात मी बोलले होते ते.


१७ ऑगस्ट २०२५

प्रिय अदीबा,

काल अख्तरीखालांचा फोन आला. तुझ्या अम्मीचा आवाज तीन वर्षांनी ऐकला आणि मी भर कोर्टासमोर रडले. त्या म्हणाल्या, "विशाखा बेटा, तेरा खत आया. ये पढी, फिर से पढी, और जा के मक्के के पोतों पे बैठ गई. तू ऐसा क्या लिखी?" मी म्हटलं, खाला, एक वही मागितली. त्या म्हणाल्या, "नै, वही के वास्ते कोई इत्ता चुप नै बैठता."

मग त्यांनी तुझी तक्रार केली ती ऐक. दुकानात शेतकरी आला की तू आधी भाव, मग ओल, मग घरचं विचारतेस आणि पंधरा मिनिटांनी पहिलाच प्रश्न पुन्हा फिरवून विचारतेस. तुझा भाऊ अबुजर वैतागलाय म्हणे. "आपा, ये दुकान है, तुम्हारा सर्वे नै!" आणि परवा कुणी पंच सौद्याची हकीकत सांगायला आला तर तू त्याला विचारलंस, "तेव्हा खोलीत अजून कोण होतं?"

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. अदीबा, हा तुझा प्रश्न! प्रत्येक मुलाखतीच्या पहिल्या ओळीत तू लिहायचीस, खोलीत कोण होतं. सासू होती का, मुकादम होता का, पोरं होती का. मी म्हणायचे, काय फरक पडतो? तू म्हणायचीस, माणूस कुणाकडं बघून बोलतो हे कळल्याशिवाय तो काय बोलला ते कळत नाही. तीन वर्षं मक्याच्या पोत्यांत बसूनही ते तुझ्या हातातून गेलं नाही. कोण म्हणतं आपण रिकाम्या हातानं परत आलो?

आणि याच सवयीवर आता भामाबाईचं सगळं टांगलंय. तुझ्या टाइप केलेल्या प्रतीत लिहिलंय: "खोलीत मुकादम, पुरुष, अंदाजे चाळीस." तो कचरू मुकादम. तो हटून बसला होता म्हणून तू त्याचीच साक्षीदार म्हणून सही घेतलीस, एवढं मला तेव्हा तू सांगितलं होतंस. त्याच कचरूनं आता प्रतिज्ञापत्र दिलंय की ही बाई मी जन्मात पाहिली नाही.

वही आली नाही. रोज कुरिअरवाल्याची वाट बघते. तुला माझा राग आहे, कबूल. पण राग माझ्यावर काढ, भामाबाईवर नको. तिची धाकटी बहीण तिला भाकरी भरवते. चाळिशीतल्या बाईला.

भामाबाईच्या भरपाईच्या दाव्याची तारीख २९ ऑगस्ट आहे. आमच्या वकीलबाई, सुलेखाताई, गप्प आहेत. पण मी रिकाम्या हातानं उभी राहणारी नाही. दोन वर्षांपूर्वी एका नियतकालिकात माझा लेख आला होता. सुमनबाईची पूर्ण मुलाखत त्यात छापलेली आहे. तो जोडला. छापील पुराव्यासमोर मालक काय बोलणार?

वही मिळाली तर बरंच. नाही मिळाली तरी मी लढणार.

विशाखा


३० ऑगस्ट २०२५

अदीबा,

काल आम्ही हरलो नाही, पण हसं झालं. माझं झालं त्याचं काही नाही. भामाबाईचं झालं.

समोरच्या वकिलानं माझा लेख उचलला, चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागला. "सुमनबाई, वय छत्तीस, गाव अमुक." मग न्यायाधीश साहेबांकडं वळून म्हणाला, "यात भामाबाई कुठं आहे? जिनिंगचं नाव कुठं आहे? गावाचं नाव कुठं आहे? ही कथा छान आहे, साहेब. पण कथाच आहे." लोक हसले. मागच्या बाकावर कचरू मुकादम होता, तो सगळ्यांत जास्त हसला.

सांग, ही चूक आपल्याशिवाय कोण करील? त्या बाईला कुणी त्रास देऊ नये म्हणून आपण तिचं नाव बदललं, गाव बदललं, जिनिंग पुसलं. इतकं नीट पुसलं की आता ती बाई तिथं होती हे तिलाच सिद्ध करता येईना. आणि मी, सात वर्षं नियम घोकलेली बाई, ते पुसलेलं पान पुरावा म्हणून घेऊन गेले!

पण एवढ्यावर पत्र संपवलं तर ते पुन्हा माझं भाषणच होईल.

बाहेर आलो. लिंबाखाली चहा घेतला. भामाबाईनं डाव्या हातानं कप धरला होता. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "त्या दुसऱ्या बाई कुठं हायत?"

"कोणत्या?"

"चष्मेवाल्या. ज्यांनी माझं लिहून घेतलं. कागदात तुमी लिवलंय म्हणं का तुमीच घेतलं. तो वकील वाचत व्हता. पर तुमी नव्हत्या त्या."

ती आपली सांगतच राहिली. "लई हुशार बाई. पहिल्या दिशी मुकादम बसला व्हता बाजूला, मी काय बोलणार? व्हय-नाय केलं. चार दिसांनी पुन्हा आल्या. मुकादम पुन्हा येऊन बसला. तर त्या म्हणल्या, 'मुकादम, माझा चष्मा गाडीत राहिला, तेवढा आणता का?' आन् चष्मा तर डोळ्यावर व्हता! तो येडा गेला बी! गाडी पार फाट्यावर. तो येईस्तोवर मी सगळं बोलले." आणि ती हसली. जूनपासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

अदीबा, आता ऐक. मी फेलोशिप संपली म्हणून सोडलं नाही. खोटं लिहिलं.

तू गेल्यावर चौथं प्रकरण अडलं. त्यातल्या साठ मुलाखतींपैकी चव्वेचाळीस तुझ्या. मी सरांना म्हटलं, अदीबाचं नाव घालू, तिनं घेतलेल्या आहेत असं लिहू. सर म्हणाले, "ती गेली. तिचं नाव घातलंस तर प्रबंध अर्धा तुझा उरेल. कुणी विचारणार नाही." मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी लिहिलं: "या मुलाखती प्रस्तुत लेखिकेने घेतल्या." एक वाक्य. लिहायला मिनिटही लागलं नाही. मग तो लेख छापला. मग सुमनबाईचं ते कापसाचं वाक्य मी चौदा एप्रिलच्या स्टेजवरून म्हटलं, मोर्चात म्हटलं, कामगारांच्या मेळाव्यात म्हटलं. दर वेळी टाळ्या. सगळ्या टाळ्या मी घेतल्या, आणि वर अन्यायाविरुद्ध बोलले!

प्रबंध द्यायच्या आधीचं सादरीकरण होतं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी फार साधा प्रश्न विचारला. "पहिल्या भेटीत मुकादम हजर, दुसऱ्या भेटीत नाही. तुम्ही त्याला बाहेर कसं काढलंत?" मला माहीत नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मी त्या बाईचा हात हातात घेतला, आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बघून तो माणूस स्वतःच उठून गेला. सभागृहात टाळ्या पडल्या. सर खूश झाले. मी घरी आले, दार लावलं आणि पुन्हा विभागात गेले नाही. आईला सांगितलं फेलोशिप संपली. भावाला तेच. तुलाही तेच.

आणि उत्तर काय होतं? डोळ्यावरचा चष्मा.

ते भाषणही नीट सांगते. ता. क. मध्ये उरकण्यासारखं नव्हतं ते. अख्तरीखालांचं ऑपरेशन झालं होतं, दुकान उघडायला अबुजर एकटा होता, हे मला तुझ्याकडून कळलेलं होतं. तरी त्या आठवड्यात मी विभागाच्या सभेत उभी राहून म्हणाले की जे मधेच मैदान सोडतात त्यांना या लढाईवर बोलायचा हक्क नाही. त्यांना पळपुटे म्हटलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस. मांडीवर ती पिशवी, तीत तुझं नाव काढून घेण्याचे कागद. मी तुला बघितलं होतं. बघून बोलले. तू जाऊ नयेस म्हणून बोलले, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. खरं हे की तू गेलीस तर मी उघडी पडेन, याची मला भीती वाटत होती. मला बोलता येतं. ऐकता तुला येत होतं. तुझ्यावाचून माझ्याकडं नुसता आवाज होता.

आणखी एक लपवलं. सुलेखाताईंनी मला जूनमध्येच सांगितलं होतं की नुसती वही चालणार नाही. जिनं लिहिली तिला उभं राहून सांगावं लागेल, ही माझी वही, हे माझं अक्षर, ही सही माझ्यासमोर झाली. मी तुला लिहिलं, यायची तसदी नको. तू आलीस तर माझा लेख खोटा ठरेल, म्हणून लिहिलं. भामाबाईची बोटं एका बाजूला आणि माझं नाव दुसऱ्या बाजूला, आणि मी तीन महिने माझ्या नावाची बाजू धरून बसले.

आज सकाळी त्या नियतकालिकाला पत्र टाकलं. लेख मागं घ्या आणि का ते छापा. प्रत सोबत जोडली आहे. सुलेखाताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, "समोरचा वकील तुला खोटारडी म्हणेल." मी म्हटलं, म्हणू द्या, त्याच्याकडं त्याचा पुरावा आहे.

पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. आधी वाच मात्र.

विशाखा


९ सप्टेंबर २०२५

प्रिय अदीबा,

तुझं पोस्टकार्ड आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर! तीनच वाक्यं: "वही माझी आहे, ती पोस्टानं जाणार नाही. आणि नाव लपवण्याचा शब्द मी त्या बाईला दिला होता, तुला नाही. तिला विचारलंस का?"

वाचून आधी लाज वाटली, मग इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शेजारच्या टाइपरायटरवाल्या बद्रीनाथकाकांनी विचारलं, "काय पोरी, नोकरीची ऑर्डर आली का?" मी म्हटलं, "नाही काका, झापलंय मला. नीट झापलंय." तीन महिन्यांत अर्ज, पुरावे, तारखा सगळं झालं, आणि जिचं नाव तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं. तू पोत्यांवर बसून पहिल्यांदा तेच विचारलंस.

म्हणून रविवारी एसटीनं तिच्या गावी गेले. तुझ्या पद्धतीनं लिहिते. खोलीत कोण होतं: भामाबाई, तिची बहीण, शेजारची एक म्हातारी, जिला ऐकू येत नाही असं बहिणीचं म्हणणं, पण मला शंका आहे. मुकादम नव्हता. मी सांगितलं की चष्मेवाल्या बाईंनी तुमचं नाव कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो त्यांनी आजवर पाळलाय. कोर्टात वही उघडली तर नाव उघडं पडेल. गावात बोलतील, मुकादम त्रास देईल, पुढच्या हंगामात कुठल्याच जिनिंगला काम मिळणार नाही असंही होईल. सगळं सांगितलं. मग गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं, तुला ठाऊक आहे. तरी बसले.

मग ती बोलली. "तवा भ्याले व्हते म्हणून म्हणले नाव नका लिवू. आता काय राहिलं भ्यायला? अन् मी काय चोरी केली का, नाव लपवायला? सांगा म्हणावं त्यांना. माझं नाव मोठ्यानं वाचा. त्या मुकादमाच्या म्होरं वाचा."

थोड्या वेळानं मी दुसरीकडून फिरवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "एकदा सांगितलं नव्हं? तुमी बी त्यांच्यासारखंच इचारता व्हय!"

अदीबा, मला इतक्या वर्षांत कुणी याहून मोठं काही म्हटलेलं नाही.

तिनं डाव्या हातानं सही केलीय. वाकडी आहे, पण तिची आहे. कागद सोबत पाठवते. त्यावर दोनदा विचारल्याचं आणि खोलीत कोण होतं तेही लिहिलंय.

मला माफ कर असं मी पुन्हा म्हणणार नाही. ते तुझं तू बघ, तुला वाटेल तेव्हा. परत मैत्री कर, नंबर सुरू कर, असंही म्हणत नाही. तुला उलटतपासणीत त्रास देतील. "पीएच.डी. झाली का तुमची?" हे तो वकील नक्की विचारेल, आणि नाही म्हटलंस की हसेल. हसू दे. पदवी नसली तरी त्या दिवशी त्या खोलीत तू होतीस, हे त्याला खोडता येणार नाही. माझ्याबद्दल विचारलं तर जे आहे ते सांग. माझ्याकडं बघून एक शब्दही कमी करू नकोस. मी समोरच बसलेली असेन.

अख्तरीखालांना सांग, तारखेच्या दिवशी दुकान अबुजरकडं राहू दे. सिल्लोडहून सकाळी साडेसातची गाडी धरलीस तर वेळेत पोचशील.

गुरुवार, १८ सप्टेंबर. अकरा वाजता. वही घेऊन ये, आणि साहेबांनी "ही मुलाखत कुणी घेतली?" असं विचारलं की उभी राहा आणि आधी तुझं आणि मग भामाबाईचं पूर्ण नाव, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांग.

तुझी,
विशाखा